डॉसच्या गेम्ससाठी साउंड कार्ड: साउंड ब्लास्टर 16, यामाहा, ईएसएस की लाइव्ह?

गोदाकाठ

नमस्कार. सल्ला हवा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नाशिकला बाबांचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण शेवटचं मशीन त्यांनी विकलं नाही. मध्यंतरी माळ्यावरून काढलं, धूळ झटकली, बटण दाबलं आणि ते सुरू झालं! पेंटियम 3, 450 मेगाहर्ट्झ, 440बीएक्स चिपसेटचा मदरबोर्ड, 128 एमबी रॅम, विंडोज 98 सेकंड एडिशन. कार्डं बसवायचे स्लॉट म्हणाल तर एक एजीपी (व्हिडिओ कार्डाचा), चार पीसीआय (नवी तऱ्हा), दोन आयएसए (जुनी तऱ्हा). दोन्ही आयएसए रिकामे आहेत.

या मशीनला साउंड कार्ड कधीच नव्हतं. ते बसवलं तर आम्ही भावंडं मशीन सोडणार नाही, असं बाबांचं म्हणणं होतं. त्यामुळे प्रिन्स ऑफ पर्शिया आणि वुल्फेन्स्टाइन 3डी आम्ही पीसी स्पीकरच्या टुकटुकीवर खेळलो. वुल्फेन्स्टाइनमधले शिपाई आपल्याला बघून जर्मनमध्ये ओरडतात, हे मला कॉलेजात मैत्रिणीच्या घरी पहिल्यांदा कळलं.

भाऊ दिवाळीला घरी येतोय. त्याच्या आधी हे मशीन आवाजासकट उभं करायचं आहे. खेळायचं आहे ते असं. डॉसवर, म्हणजे हुकूम टाइप करून चालवायच्या जुन्या प्रणालीवर: प्रिन्स, वुल्फेन्स्टाइन, डूम, ड्यूक न्यूकेम 3डी, मंकी आयलंड 2, क्वेक. विंडोजवर हाफ-लाइफ आणि थीफ.

चार कार्डं समोर आहेत. मुंबईचा एक विक्रेता साउंड ब्लास्टर 16 देतोय, कार्डावर सीटी2940 लिहिलंय, 5,500 रुपये, "ओरिजिनल क्रिएटिव्ह आहे, डोळे झाकून घ्या" म्हणतो. पुण्यातल्या एकाकडे यामाहाची चिप असलेलं बिननावाचं आयएसए कार्ड आहे, 2,400. त्याच्याकडेच ईएसएस 1868 चिपचं कार्ड 1,200 ला. आणि इथेच नाशकात एक जण साउंड ब्लास्टर लाइव्ह देतोय 400 ला, ते पीसीआय आहे.

कोणतं घेऊ? "ओरिजिनल"ला खरंच एवढी किंमत आहे का?

विंडोज98_प्रेमी

लाइव्ह घेऊन टाका आणि विषय संपवा. 400 रुपयांत त्याच्याइतकं कार्ड नाही. हाफ-लाइफ आणि थीफ दोन्हींत ईएएक्स (जागेनुसार आवाज घुमवणारं तंत्र) चालतं. थीफमध्ये दगडी दालनात पावलं घुमतात, गालिचावर गेलात की दबतात. हेडफोन लावून खेळा, अंगावर काटा येतो. डॉसचे गेम विंडोजच्या आत डॉस खिडकीत चालवलेत तर साउंड ब्लास्टर 16 म्हणून लाइव्हच उत्तर देतं. माझ्याकडे ड्यूक तसाच चालतो.

रंकाळा_कीज

गोदाकाठताई, चौघांत यामाहावालं घ्या. कारणं लांबण लावून सांगतो, कारण ते कार्ड हातचं गेलं तर पुढचं कसं पारखायचं हे त्यातूनच कळेल.

मी कोल्हापूरचा. संध्याकाळी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो आणि दिवसा राजारामपुरीत कॉम्प्युटर जोडून द्यायचो. त्यामुळे साउंड कार्डाकडे मी आधी वाद्य म्हणून बघतो, मग कॉम्प्युटरचा भाग म्हणून. आणि वाद्य घेताना पेटीवरचं नाव वाचून भागत नाही, आत कुठले सूर बसवलेत ते बघावं लागतं.

जुन्या गेम्सचं संगीत फाइलमध्ये रेकॉर्ड केलेलं नसतं. गेम कार्डाला फक्त सांगतो की अमुक सूर लाव, अमुक वाद्यात लाव, आता सोड. वाजवतं ते कार्ड. म्हणजे तुमच्या मशीनमधली चिप हीच त्या संगीताची वादक.

ती चिप कुठून आली ते बघा. 1967 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांच्या लक्षात आलं की एका लहरीनं दुसऱ्या लहरीची कंप्रता भरभर हलवली तर घंटा, पितळी वाद्यं, पियानो असे आवाज तयार करता येतात. हेच एफएम सिंथेसिस. यामाहानं त्याचा परवाना घेतला आणि 1983 मध्ये डीएक्स7 कीबोर्ड काढला. ज्यांनी ऐंशीच्या दशकातली गाणी ऐकलीत त्यांच्या कानात तो काचेसारखा इलेक्ट्रिक पियानो नक्की आहे. डीएक्स7 मध्ये एका सुरामागे सहा लहरी काम करतात. त्याच घराण्यातली स्वस्त, छोटी चिप म्हणजे वायएम3812, तिला ओपीएल2 म्हणतात. तिच्यात एका सुराला दोनच लहरी, आणि एका वेळी नऊ सूर. कॅनडातल्या ॲडलिबनं 1987 साली ती कार्डावर बसवली. 1989 साली सिंगापूरच्या क्रिएटिव्हनं तीच यामाहाची चिप घेतली, शेजारी डिजिटल आवाज वाजवणारा भाग आणि जॉयस्टिकचं पोर्ट दिलं, आणि साउंड ब्लास्टर बाजारात आलं. पुढे ओपीएल3 आली, वायएमएफ262: अठरा सूर, स्टिरिओ, हवं तिथे चार लहरी.

त्या काळचे गेम संगीतकार याच चिपसाठी वाद्यं घडवत होते. दोन लहरींत गिटार कशी वाटेल, झांज कशी वाटेल, याचे आकडे कानानं जुळवून बसवलेले असतात. डूमच्या डेटाफाइलमध्ये ओपीएलसाठी अशी 175 वाद्यं भरून ठेवलेली आहेत. ते आकडे खऱ्या ओपीएलला दिले तरच जे मनात धरून लिहिलं ते ऐकू येतं. म्हणून कार्ड हातात घेतल्यावर माझा पहिला प्रश्न हाच असतो: यावर खरं ओपीएल आहे का?

तुमच्या सीटी2940 ची गोम इथेच आहे. तेही क्रिएटिव्हचंच, ओरिजिनलच. पण त्या एकाच क्रमांकाखाली दोन तऱ्हेची कार्डं निघाली. काहींवर यामाहाचं ओपीएल आहे, काहींवर क्रिएटिव्हनं स्वतः बनवलेलं सीक्यूएम. सीक्यूएम वाईट नाही, पण वरच्या पट्टीत सूर धातूसारखा किणकिणतो आणि झांजेची शेपूट वेगळी लागते. माझ्या कानाला ते दोन मिनिटांत खटकतं. विक्रेत्याला उजेडात काढलेला फोटो मागा. वायएमएफ262 छापलेली चिप दिसली तर ठीक. सीटी1978 दिसली तर ते सीक्यूएम. दोन्ही दिसत नसतील तर वाजवून ऐकवल्याशिवाय 5,500 देऊ नका.

दुसरं, वुल्फेन्स्टाइन. तो 1992 चा गेम, आणि त्यातला स्टिरिओ साउंड ब्लास्टर प्रो या 16 च्या आधीच्या कार्डासाठी लिहिलेला आहे. शिपाई डावीकडून ओरडला तर डावीकडून ऐकू येतो, आणि पुढच्या वळणावर बंदूक कुठे रोखायची ते त्यावर ठरतं. साउंड ब्लास्टर 16 मध्ये क्रिएटिव्हनं प्रोची ती स्टिरिओची पद्धत ठेवली नाही. म्हणजे नव्या, महाग कार्डावर तोच गेम मोनोत वाजतो! यामाहाची 718 आणि 719 मालिका आणि ईएसएस या दोन्ही चिपा प्रोशी जमवून घेतात, स्टिरिओसकट. तुमच्या यादीत वुल्फेन्स्टाइन दुसऱ्या नंबरवर आहे आणि त्या शिपायांची आठवण तुम्ही स्वतःच काढलीत, म्हणून हे मी ठासून सांगतोय.

"पण 16 म्हणजे 16 बिट ना, आवाज चांगला असेल" असं दुकानात गिऱ्हाईक नेहमी म्हणायचं. डूममधले बंदुकीचे, दारांचे, राक्षसांचे आवाज 8 बिट आणि 11,025 हर्ट्झवर साठवलेले आहेत. डब्यात जे आहे तेच ताटात येणार. 1995 च्या आधीच्या बहुतेक डॉस गेम्सना 16 बिट कार्डानं फरक पडत नाही.

तिसरी गोष्ट वाजवणाऱ्या माणसाला जास्त लागते. मिडीमध्ये, म्हणजे वाद्यांना सूर कळवायच्या भाषेत, "सूर लाव" आणि "सूर सोड" हे दोन वेगळे निरोप असतात. दुसरा निरोप वाटेत हरवला की सूर अडकून राहतो. गणपतीच्या एका कार्यक्रमात माझ्या साउंड मॉड्यूलची (मिडीचे निरोप घेऊन वाजणारा वेगळा डबा) मिडी केबल सुराच्या मध्येच सैल झाली, आणि गायक अंतऱ्यावर गेला तरी मागे व्हायोलिनचा तोच सूर वाजत राहिला. मॉड्यूल बंद करेपर्यंत तो सुटला नाही. साउंड ब्लास्टर 16 च्या बऱ्याच आवृत्त्यांत हाच दोष आतच आहे. मिडी आणि बंदुकीचे आवाज एकाच वेळी जाऊ लागले की निरोप गळतात. डूममध्ये दोन्ही एकाच वेळी अखंड चालू असतात. कार्डावर पुढे वेव्हटेबल (खऱ्या वाद्यांचे नमुने वाजवणारी जोडपाटी) किंवा बाहेरचं मॉड्यूल जोडायचं मनात असेल तर ही फार मोठी अडचण आहे. यामाहाच्या 719 ला ती नाही. तिचं मिडी पोर्ट मी रात्रभर डूम लावून तपासलंय, सूर अडकला नाही.

ईएसएस 1868 लाही मी नावं ठेवणार नाही. तिच्यात त्यांचं स्वतःचं ईएसएफएम आहे, ते ओपीएल3 च्या इतकं जवळ जातं की प्रिन्स आणि वुल्फेन्स्टाइनमध्ये बहुतेकांना कळणार नाही. काही वाद्यांचा बाज किंचित वेगळा लागतो, इतकंच. 1,200 ला ते कार्ड स्वस्तात पडतंय. खिशाला यामाहा जड होत असेल तर खुशाल ईएसएस घ्या, साउंड ब्लास्टर 16 कडे वळू नका.

आता लाइव्ह. विंडोज98_प्रेमी यांचं थीफबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं, मीही तो तसाच खेळलो. पण लाइव्हवर ओपीएल नाही. ते एफएमची नक्कल करतं आणि ती नक्कल मला ऐकवत नाही. शुद्ध डॉसमध्ये त्याचा ड्रायव्हर ईएमएम386 च्या आधारानं चालतो, त्यामुळे ज्या गेमला तो मेमरी मॅनेजर चालत नाही तिथे गाडी अडते. तुमच्याकडे दोन आयएसए स्लॉट रिकामे आहेत. तुमच्या मदरबोर्डाच्या पुढच्या पिढीत बहुतेक ठिकाणी ते स्लॉट गेलेच. असलेल्या वस्तूचा उपयोग करा: डॉसला यामाहा, विंडोजला लाइव्ह. दोन्ही मिळूनही साउंड ब्लास्टर 16 च्या निम्म्या किमतीच्या जवळपासच जातं.

फक्त पुण्यातल्या माणसाकडून चिपवरची अक्षरं नीट वाचून घ्या. "यामाहा" एवढंच पुरेसं नाही.

गोदाकाठ

इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं, मनापासून आभार.

फोटो मागवले. मुंबईवाल्याच्या कार्डावर सीटी1978 स्पष्ट दिसतंय. त्याला विचारलं तर "मॅडम, एवढं कोण बघतं" म्हणाला. पुण्याच्या कार्डावर वायएमएफ719ई-एस असं छापलंय. ते आणि नाशिकचं लाइव्ह, दोन्ही घ्यायचं ठरवलं.

आता तीन शंका. दोन कार्डं एकत्र बसवली तर भांडणार नाहीत का? यामाहाच्या कार्डावर एकही जंपर (सेटिंगसाठी हलवायची बारीक टोपी) दिसत नाही, मग डॉसमध्ये सेटिंग कसं करायचं? आणि मशीन 450 मेगाहर्ट्झचं आहे, प्रिन्ससारख्या जुन्या गेमला ते फार वेगवान होईल का?

रंकाळा_कीज

सीटी1978 बघून मला आनंदच झाला ताई, तुमचे पैसे वाचले.

719 हे प्लग अँड प्ले कार्ड आहे, म्हणून जंपर नाहीत. विंडोज त्याला आपणहून ओळखतं, पण शुद्ध डॉसमध्ये त्याला कुणीतरी जागं करावं लागतं. यामाहाची स्वतःची सेटअप फाइल आहे, पण मी युनिसाउंड वापरतो. छोटा प्रोग्रॅम आहे, फुकट मिळतो, काम करून मेमरीतून निघून जातो, आणि पुष्कळ आयएसए प्लग अँड प्ले कार्डांना चालतो. ऑटोएक्झेक फाइलमध्ये (डॉस सुरू होताना आपोआप चालते ती) आधी ब्लास्टरची ओळ (गेमना कार्डाची सेटिंग सांगणारी) आणि तिच्याखाली युनिसाउंड, या क्रमानं लिहा. ब्लास्टरच्या ओळीत पत्ता 220, आयआरक्यू (कार्ड प्रोसेसरला हाक मारतं तो क्रमांक) 5, डीएमए (मेमरीतून थेट डेटा घ्यायची वाट) 1, प्रकार 4, मिडी 330. प्रकार 4 म्हणजे साउंड ब्लास्टर प्रो. इंटरनेटवरून उचललेल्या बऱ्याच ओळींत प्रकार 6 असतो. तो साउंड ब्लास्टर 16 चा आहे, तुमच्या कार्डाला लावू नका, नाहीतर गेम कार्डाकडे नाही ते मागत बसेल.

आयआरक्यूबद्दल थोडं. साउंड ब्लास्टरच्या सुरुवातीच्या कार्डांचा ठरलेला आयआरक्यू 7 होता, म्हणून काही अगदी जुने गेम 7 वरच कार्ड शोधतात. 7 हा प्रिंटर पोर्टचाही क्रमांक. 5 वर ठेवा, आणि एखादा गेम मुका राहिला तर तेवढ्यापुरतं 7 करून बघा. डीटीपीच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (परवान्याची चावी) अजून प्रिंटर पोर्टला लटकत असेल तर ते काढून जपून ठेवा.

दोन कार्डं भांडतात ती एकाच कारणानं. लाइव्हही डॉससाठी 220 चा पत्ता आणि आयआरक्यू 5 मागतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये लाइव्हच्या खाली क्रिएटिव्ह एसबी16 इम्युलेशन नावाची नोंद दिसेल, ती डिसेबल करा. लाइव्हचा विंडोजमधला आवाज त्यानं जात नाही. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) पीएनपी/पीसीआयचं पान असतं, तिथून पीसीआयच्या वाट्याला आयआरक्यू 5 येणार नाही असं बघा. डॉसचे गेम खेळताना मशीन सुरू होतानाच एफ8 दाबून फक्त कमांड प्रॉम्प्टवर उतरा. त्या वेळी लाइव्हचा विंडोजमधला ड्रायव्हर चढलेलाच नसतो, त्यामुळे यामाहाला मोकळं रान.

वेगाचा प्रश्न अगदी बरोबर विचारलात. वुल्फेन्स्टाइन, डूम, ड्यूक, क्वेक यांना 450 मेगाहर्ट्झ चालतं, ते घड्याळ बघून पळतात. अडचण दोन ठिकाणी येते. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले काही प्रोग्रॅम वेगवान मशीनवर "रनटाइम एरर 200" देऊन सुरू होण्याआधीच बंद पडतात. त्यासाठी दुरुस्ती करणारे पॅच आहेत. दुसरी अडचण खुद्द ओपीएलची. ओपीएल2 ला एक आकडा दिल्यावर तो पचवायला वेळ लागतो, डेटा लिहिल्यावर 23 मायक्रोसेकंद. ॲडलिबनं प्रोग्रॅमरना सांगितलं होतं की तेवढा वेळ काढायला पोर्ट 35 वेळा नुसतं वाचा. आयएसए बसवर प्रत्येक वाचन सावकाशच होतं, म्हणून ही युक्ती तुमच्या मशीनवरही बरीचशी टिकते. ज्यांनी वाचन न करता नुसते रिकामे फेरे मोजले ते गेम मात्र कार्ड सापडलं नाही म्हणतात. अशा गेमपुरतं बायोसमधून कॅश (प्रोसेसरची वेगवान छोटी मेमरी) बंद करा. पहिल्या पातळीचा कॅश बंद झाला की पेंटियम जवळजवळ जुन्या 386 प्रोसेसरच्या चालीवर येतो. खेळून झालं की पुन्हा चालू करा.

कार्ड बसवण्याआधी त्याच्या पिवळ्या कडा बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यांनी त्यांच्यावर काळपट थर चढतो. शाळेचं पांढरं खोडरबर घेऊन हलक्या हातानं एकाच दिशेनं घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा, पूर्ण सुकू द्या. आयएसए स्लॉट लांब असतो आणि कार्डाचं एक टोक उचललेलं राहतं. स्क्रू आवळल्यावर मागचं टोक वर आलं का ते परत बघा. गिऱ्हाइकाकडची निम्मी "मेलेली" कार्डं मी नुसती नीट दाबून बसवून परत दिली आहेत.

आणि स्पीकर आउट व लाइन आउट अशी दोन भोकं असतील तर लाइन आउटच वापरा. स्पीकर आउटच्या वाटेवर एक छोटा ॲम्प्लिफायर असतो, त्याची सरसर ऐकू येते. आजकालच्या स्पीकरना स्वतःचा ॲम्प्लिफायर असतोच.

हडपसर_सोल्डर

रंकाळा_कीज यांच्याशी सहमत, फक्त मंकी आयलंड 2 साठी भर घालतो.

तो 1991 चा गेम रोलंडच्या एमटी-32 मॉड्यूलसाठी बांधलेला आहे, आणि त्यातलं संगीत तुम्ही एका जागेवरून दुसरीकडे गेलात की न तुटता वळण घेतं. ओपीएलवर चांगलंच वाजतं, एमटी-32 वर फारच सुंदर. खरं एमटी-32 आज आणायचं तर परदेशातून, वर कस्टम ड्यूटी, आणि आतले जुने कपॅसिटर. त्याऐवजी रास्पबेरी पायवर (हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर) एमटी32-पाय हा प्रोग्रॅम चालवा. पाय 3 किंवा 4 पुरतो. एमटी-32 ची नक्कल करतं, त्यासाठी मूळ मॉड्यूलची रॉम (आतल्या प्रोग्रॅमची प्रत) लागते, आणि जनरल मिडीसाठी (वाद्यांचा ठरलेला क्रम असलेलं मानक) साउंडफॉन्ट (वाद्यांच्या नमुन्यांच्या फाइली) घालता येतात. यामाहाच्या जॉयस्टिक पोर्टमधून मिडी केबलनं पायकडे, पायच्या आवाजाची वायर परत यामाहाच्या लाइन इनमध्ये. म्हणजे स्पीकर एकच राहतो.

माझ्याकडे 486 चं जुनं मशीन आहे, त्यात मी पिकोगस बसवलंय. रास्पबेरी पाय पिकोवर बांधलेलं नवं आयएसए कार्ड, ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड, ॲडलिब, साउंड ब्लास्टर 2.0 अशी बरीच सोंगं घेतं, एका वेळी एक. जुन्या कार्डांच्या मागे धावायचं नसेल तर विचार करण्याजोगं आहे.

गोदाकाठ

पाय 3 घरात पडून आहे! रंकाळा_कीज, मग डूमलाही तेच लावू का? की डूम ओपीएलवरच ऐकावा?

रंकाळा_कीज

दोन्हींवर ऐका, पण गेमनुसार ठरवा. मंकी आयलंड 2 ला एमटी-32 च द्या, जनरल मिडी देऊ नका. जनरल मिडीचं मानक 1991 साली आलं, आणि त्यातला वाद्यांचा क्रम एमटी-32 पेक्षा निराळा आहे. चुकीचं मॉड्यूल लावलंत तर बासरीच्या जागी भलतंच वाद्य बोलेल. डूम आणि ड्यूक जनरल मिडीचे आहेत, त्यांना पायवर चांगला साउंडफॉन्ट लावा. ड्रम खऱ्या ड्रमसारखे येतात, डूमच्या पहिल्याच पातळीच्या गिटारला वजन मिळतं. तरी मी स्वतः डूम ओपीएलवर खेळतो. ती खरखरीत गिटार दोन लहरींतून काढलेली आहे आणि तिच्यात जी धार आहे ती नमुने रेकॉर्ड केलेल्या गिटारीत मला सापडत नाही. कीबोर्ड वाजवणारा माणूस हे म्हणतोय म्हणून अनेकांना नवल वाटतं, पण डीएक्स7 वर वाढलेल्या कानाला एफएम हे स्वतःचं वाद्य आहे, कुणाची नक्कल नाही. प्रिन्स आणि वुल्फेन्स्टाइनसाठी तर ओपीएलशिवाय दुसरा विचार नको.

हडपसर_सोल्डर यांच्या सूचनेला एक जोड. 1990 च्या आगेमागचे काही गेम एमटी-32 शी इंटेलिजंट मोडमध्ये (सुरांची वेळ मिडीचं कार्ड स्वतः सांभाळतं असा) बोलतात, आणि तुमच्या यामाहाच्या मिडी पोर्टला फक्त साधा यूएआर्ट मोड येतो. गेम मॉड्यूल सापडलं नाही म्हणाला तर सॉफ्टएमपीयू (तो मोड पुरवणारा प्रोग्रॅम) आधी चढवा. त्याला ईएमएम386 लागतो. लाइन इनचा आवाज बहुतेक वेळा बंद ठेवलेला असतो. पाय वाजत नाही असं वाटलं तर आधी मिक्सरमध्ये तो उघडा.

हडपसर_सोल्डर

गोदाकाठ, केबल घेताना जपून. जॉयस्टिक पोर्टमधून मिडीचे फक्त साधे 5 व्होल्टचे सिग्नल येतात, बाहेर 12 नंबरच्या पिनवर, आत 15 वर. आत छोटं सर्किट असलेली जुनी साउंड कार्डाची मिडी केबल लागते. नुसत्या वायरी जोडून पायच्या पिनांना लावू नका, पायला 3.3 व्होल्टच सोसतात. ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशातून पलीकडे देणारा भाग) लावून मी अशी केबल घरीच बनवली आहे, सर्किटचा फोटो इथे टाकतो.

गोदाकाठ

टाका नक्की. पुण्याचं कार्ड शनिवारी हातात येईल. शेवटची एक शंका: क्वेकची सीडी आहे, पण मैत्रिणीच्या मशीनवर त्यात संगीत होतं आणि माझ्या भावाच्या आठवणीत कधीच नव्हतं. ते ओपीएलचं की मिडीचं?

रंकाळा_कीज

दोन्हीचं नाही. 1996 च्या क्वेकचं संगीत सीडीवर गाण्याच्या सीडीसारखं ऑडिओ ट्रॅक म्हणून आहे. गेम फक्त सीडी ड्राइव्हला ट्रॅक लावायला सांगतो, आणि आवाज ड्राइव्हच्या मागून चार पिनांच्या बारीक वायरनं साउंड कार्डात येतो. तुमच्या मशीनला कार्डच नव्हतं, म्हणजे ती वायरही कुणी लावली नसणार. ड्राइव्हच्या मागे "ऑडिओ" लिहिलेलं चार पिनांचं भोक असेल, यामाहावर "सीडी इन" असेल. क्वेक तुम्ही डॉसमध्ये खेळणार, म्हणून वायर लाइव्हला न लावता यामाहाला लावा. कार्डाकडचं भोक दोन आकारांत येतं, तेव्हा शनिवारी कार्ड हातात आल्यावर ते बघून मगच वायर घ्या. पुण्यात तापकीर गल्लीत विचारा, मुंबईकर कुणी येणार असेल तर लॅमिंग्टन रोडला. नाहीच मिळाली तर मला कळवा, माझ्या खोक्यात दोन्ही तऱ्हेच्या आहेत, पोस्टानं पाठवतो.